दुधाला कोण सांगणार

बाळ गेल्यावर पाचव्या दिवशी मला दूध आलं.

सिझर झालं होतं परभणीला. मी भुलीतच होते तेव्हा पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मी उठून बसायच्या आत ती गेली. बाप्या माणसांनी नेऊन मातीही दिली. मला दाखवली नाही. आमच्याकडे दाखवत नाहीत. तोंड बघितलं की आईचा जीव गुंततो म्हणे. नऊ महिने जसा काही तो मोकळाच फिरत होता.

मग आई मला येलदरीजवळच्या आमच्या गावी घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत तिनं बाळ नसतानाही सोडली नाही. बाज, शेक, कानाला बांधलेला फडका, सगळं साग्रसंगीत. त्यातच एका सकाळी माझा गाऊन भिजला. मला आधी कळलंच नाही कशानं ते.

मी गंगाखेडला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दूध कसं येतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून निघालेलं संप्रेरक रक्तातून छातीतल्या पेशींपर्यंत येतं आणि पेशीच्या दाराशीच थांबतं. आत जात नाही. दारामागे एक प्रथिन बसलेलं असतं. ते निरोप घेतं, आपल्यासारख्याच दुसऱ्याचा हात धरतं आणि केंद्रकात जाऊन डीएनएवरची नेमकी जागा धरतं. मग दुधाचं जनुक जोरात वाचलं जायला लागतं. गरोदरपणी बाळाला पोसणाऱ्या वारेचं दुसरं एक संप्रेरक हे सगळं दाबून धरतं. वार पडली की तो दाब सुटतो. बस, एवढंच. या अख्ख्या साखळीत बाळ कुठंय अशी चौकशी कुणीच करत नाही. वार पडली ना, मग बाळ असणारच, एवढंच पेशींना कळतं.

बारावीला जंतूंचा एक धडा असतो. आतड्यातल्या एका जंतूला दुधातली साखर मिळाली तरच तो ती पचवायचं जनुक उघडतो. साखर नसली की एक प्रथिन त्या जनुकाच्या तोंडावर ठाण मांडून बसतं. पोरांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, बघा, एवढासा जीव, पण फुकटचा राबत नाही. बाजेवर पडल्या पडल्या मला त्या जंतूचा राग यायचा. माझ्या शरीराला त्याच्याइतकीही अक्कल नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दूध बंद व्हायची गोळी लिहून दिली होती. ती मेंदूतल्या त्या ग्रंथीलाच गप्प करते. मी घेतली नाही. शेजारच्या काकूंनी छातीवर बांधायला मोगऱ्याची फुलं आणून दिली, त्यानं दूध आटतं म्हणून. मी ती खिडकीत ठेवून दिली. "शिकलेल्या पोरीला काय सांगावं बाई," म्हणत त्या निघून गेल्या.

उलट मी अधूनमधून न्हाणीत जाऊन दूध पिळून काढायचे. छाती रिकामी झाली की अजून बनवा असाच निरोप जातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. का करत होते ते सरळ सांगते. घरात पोरीचा विषय कुणी काढत नव्हतं. नवरा फोनवर विचारायचा, जेवलीस का. वडील दारातून खाकरून पुढं जायचे. ती झाली होती, हे मानणारं माझ्या दुधाशिवाय कुणी उरलं नव्हतं. तेही बंद केलं की ती पुरतीच गेली, असं मला वाटायचं.

मग ताप भरला. एक बाजू लालबुंद, दगडासारखी टणक झाली. तशीच न्हाणीत गेले, तर आई मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"काय करायलीस?"

"दूध काढायलेय."

"गोळी का घेईनास?"

"घेणार न्हाई."

"मरायचंय का तुला बी?"

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, तुमी सगळे मोकळे झालात, आता मला मोकळं करायलात. तू तर तिला बघितलंस, अन् आल्यापासून एक शब्द काढला न्हाईस. मी पोटात वागवली अन् मला तिचं नाक कसं होतं ते माहीत न्हाई. दूध तिच्यासाठी आलं, ते उशिरा आलं, अन् ती उपाशीच गेली.

आई उंबऱ्यावर बसली. गुडघ्यांमुळं तिला खाली बसता येत नाही, तरी बसली. पदर पुढं ओढून घेतला.

"कपाळ तुझ्यावानीच व्हतं," ती म्हणाली. "मोठं. कानावर लव. बोटं लय लांब व्हती, मला नवलच वाटलं. डोळे मिटलेलेच, पर तोंड सारखं असं करायली व्हती, चोखल्यावानी."

मी गाऊन सावरायचंही विसरले.

"अन् उपाशी न्हाई गेली ती. नर्सबाई नको म्हणायली व्हती, पर मी बोट मधात बुडवून तिच्या ओठाला लावलं. जीव व्हता तवा. चाटलं तिनं."

नवजात बाळाला मध देऊ नये, हे मी दर वर्षी वर्गात बजावून सांगते. कुणी दिला तर त्याला सोडत नाही.

"कुठलं बोट?" मी विचारलं.

आईनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि पोटातले टाके ताणले जाईपर्यंत रडले. नंतर तिनं पाणी आणलं, गोळी आणली. मी घेतली.