ओट्याशेजारची सापीण

आमच्या घरात सापीण आली ती माझ्या अटीवर. जर्मनीत, ब्योब्लिंगेनमधल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जर्मन आजीबाई राहायच्या. त्या उन्हाळ्यानंतर लेकीच्या गावी जाणार होत्या, आणि त्यांची दीड हात लांबीची, नारिंगी, बिनविषारी कोर्ननाटर जातीची सापीण कुणीतरी सांभाळायला हवी होती. माझी अकरा वर्षांची लेक लगेच पुढे झाली. मी म्हटलं, ठीक आहे, पण उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत ती तुझ्या हातात शांत बसली पाहिजे. नाही बसली तर आजीबाई तिला टिअरहाइममध्ये, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात, नेऊन देतील. नवऱ्याने मान डोलावली. अशा वेळी तो नेहमीच मान डोलावतो.

आजीबाईंचे हात दुखरे, त्यामुळे दोन वर्षं त्यांनी तिला फारसं उचललंच नव्हतं. ती बुजरी होती. काचेची पेटी मी ओट्याला लागून असलेल्या कपाटावर ठेवायला लावली. घरात साप असेल तर तो माझ्या नजरेसमोर असावा, एवढाच विचार.

रोज संध्याकाळी ऑफिसचं काम संपवून मी चहा टाकायला लागले की लेक बाह्या सावरून पेटीपाशी जायची. तिने पुस्तकातून सगळं शिकून घेतलं होतं. खाऊ घातल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, आधी साबणाने हात धुवायचे, वरून कधीही पकडायचं नाही, बाजूने हळूच तळहात पुढे करायचा. लेक हे सगळं नेमाने करायची आणि सापीणही आपलं नेमाने करायची. अंगाचं वेटोळं, शेपटीची थरथर, मग हातावर फटकन डोकं. दोनदा चावली. लेक रडली नाही, पण घाबरल्यावर ती सापीण जो वास सोडायची त्याने मी मात्र रडकुंडीला आले. खरं सांगायचं तर ती परत जाणार अशी मला खात्री होती, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा सुट्टीचे दोनच आठवडे उरले होते. सापाचं मी त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. विमानतळावरून येताना गाडीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. खाते काय?" उंदीर म्हटल्यावर त्यांनी गाडीची काच खाली केली. उंदरांचा डबा फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी आहे, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

सासूबाईंचा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्या क्रोशाचं विणकाम घेऊन पेटीसमोर खुर्ची टाकून बसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहासाठी खलबत्त्यात आलं ठेचत होते.

"अगं, थांब," त्या म्हणाल्या. "आता परत ठेच बघू."

मी ठेचलं. दुपारभर मोकळी पसरलेली सापीण वेटोळं करून बसली, शेपटी थरथरायला लागली. मी थांबले. बऱ्याच वेळाने ती सैल झाली. पुन्हा दोन घाव घातले, पुन्हा वेटोळं.

"रोज आधी तू तिला घाबरवतेस आणि मग ही पोर हात पुढे करते," सासूबाई म्हणाल्या. "कसा विश्वास ठेवेल ती?"

लेकीने कपाळावर हात मारला. "आल्झो, अगं आई, ती जबड्याने ऐकते. व्हायब्रेशन. मी तुला सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरंच. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि हे मला महिनाभर दिसलं नव्हतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त हसू आलं. बत्ता हातात घेऊन मी तिथेच खाली बसले.

पेटी लेकीच्या खोलीत गेली आणि सूत्रं सासूबाईंच्या हातात. "पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला मी कधी उचलायचे नाही," त्या म्हणाल्या. "नुसती शेजारी बसायचे." मग लेक पेटीत तळहात उघडा ठेवून बसायची, बाजूला आजी विणत. चौथ्या दिवशी सापिणीने जीभ लावून बोट तपासलं. सहाव्या दिवशी ती सावकाश मनगटावर चढली आणि कोपराच्या खळग्यात जाऊन थांबली. लेकीचा श्वास अडकला, आजीचा टाका अडकला. मला इतका आनंद झाला की मी सरळ शिरा करायला घेतला.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी आजीबाई कापडी पिशवी घेऊन वर आल्या. लेकीच्या हातावर शांत पडलेली सापीण त्यांनी निरखून पाहिली, "गेनाऊ, अगदी असंच," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पण ही शाळेच्या सहलीला गेली की तिला कोण उचलणार?"

मी तिला एकदाही हात लावला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाजूने तळहात पुढे केला. तिला जरासाही हादरा बसू नये म्हणून मी पाय घट्ट रोवून उभी राहिले. ती आली. कोरडी, लेकीच्या अंगाची ऊब घेतलेली, वाटली होती त्यापेक्षा जड. माझ्या मनगटाला एक वेढा घालून ती थांबली.

"तुम्हाला ती नकोच होती ना? मग नेते," म्हणत आजीबाई पिशवी उघडून जवळ आल्या. अट माझीच होती, आणि ती पुरीही झाली होती. मी सापिणीसकट दोन पावलं मागे सरकले.

"आत्ता नको," मी म्हटलं. "झोपलीये ती."

सापांना पापण्या नसतात. ती झोपलीये की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं. आजीबाईंनी पिशवीची नीट घडी घातली.