पिवळा हिरा, गुरूचा खडा

ती अंगठी मी चित्रावरून घेतली, आणि चित्र काळंपांढरं होतं. एका दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर मुंबईच्या एका पेढीची जाहिरात होती. सोन्याच्या वळ्यात एकच खडा आणि खाली दोन ओळी: नैसर्गिक पिवळा हिरा, पोस्टाने घरपोच. छापलेला हिरा राखाडी दिसत होता. तो पिवळा आहे हे पेढीच्या शब्दावर मानायचं. मी मानलं. आज लोक मोबाइलवर बोट ठेवून दागिना मागवतात, त्याआधी तो चारी बाजूंनी फिरवून बघतात, तरी त्यांच्या मनातली शंका जात नाही. मला तेव्हा कसलीच शंका नव्हती. आणि न बघता वस्तू घेण्यात मी चुकलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. चुकलो ते दुसरीकडे.

तेव्हा मी येलदरीच्या वीजकेंद्रात कनिष्ठ अभियंता होतो. धरणाजवळच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बायको बोरीची, शेतकऱ्याची लेक, मॅट्रिक झालेली, बोलायला सरळ. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वसाहतीतल्या बायका तिला विचारायच्या. मला कोणी विचारायचं नाही. पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

ती मात्र वाट बघत बसणारी नव्हती. तिनं कुठून तरी माहिती काढली होती.

"परभणीला एक डॉक्टर हायेत. नवरा-बायको दोघांना तपासतात. एकदा जाऊन येऊ."

"दोघांना कशाला?" मी म्हणालो.

"लेकरू दोघांचं असतं म्हणून."

'दोघांना कशाला' हे मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, म्हणूनच मी टाळत होतो. कधी मशीन दुरुस्तीला उघडलेलं असायचं, कधी वरिष्ठ येणार असायचे. तेही संपलं की एसटीचं निमित्त होतंच. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू होतं. कधी मोर्चा, कधी बंद, कधी गाडी वाटेत जिंतूरलाच थांबायची. मी स्वतः नामांतराच्या बाजूचा. ऑफिसात विरोधकांशी तावातावानं भांडायचो, न्याय, समता हे शब्द माझ्या तोंडात असायचे. आणि घरी आलो की त्याच आंदोलनाच्या आड लपायचो.

"गाड्यांचा भरवसा नाही सध्या," मी म्हणायचो.

"आज तर चालू हायेत. शेजारच्या वहिनी सकाळी जाऊन माघारी बी आल्या."

"उद्याचं काय सांगावं?"

ती गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणं मला खुपायचं, आणि त्यावर उपाय म्हणून मी अंगठी मागवली. असं तेव्हा मी स्वतःशी बोललो नव्हतो. बायकोची हौस करतोय, एवढंच मनात होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

पेढीशी पत्रव्यवहार मी अगदी टेंडर काढावं तसा केला. पिवळा म्हणजे नेमका कसा, असं विचारलं. करडईच्या फुलासारखा, तुरीच्या फुलासारखा, की हळदीसारखा? त्यांचं उत्तर आलं की आपल्याकडील फुले आम्ही पाहिलेली नाहीत, लिंबू पाहिले आहे, लिंबासारखा आहे. हे उत्तर मला फार आवडलं. जी पेढी न पाहिलेल्या फुलाची खात्री देत नाही ती हिऱ्यातही फसवणार नाही, असं मी ठरवून टाकलं. माप म्हणून बायकोच्या अनामिकेतली चांदीची अंगठी, ती भाकरी करताना काढून ठेवायची तेव्हा, कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवली आणि तो कागद पाठवून दिला.

विम्याचं पार्सल आलं. लाखेच्या मोहरा शाबूत होत्या. पोस्टमास्तर म्हणाले, "साहेब, उघडा की इथंच. आमी बी बघू काय मागवलंय." मी हसून सही केली आणि डबी खिशात घालून घरी आलो.

खिडकीपाशी नेऊन मी ती उघडली. हिरा ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण रंग खरंच लिंबाचा. नुसता पिवळा नव्हे, आतून उजेड असलेला पिवळा. चित्रात मी जे पाहिलं नव्हतं ते सगळं त्यात होतं. बायकोनं ओले हात पदराला पुसले आणि बोटात घातली. बरोब्बर बसली.

"हिरा पिवळा बी असतो व्हय?"

"असतो. कमी मिळतो."

"अन् तुमी न बघता मागवला? आमचे बाबा म्हशीचे दात बघितल्याबिगर दाव्याला हात लावत न्हाईत."

"हिऱ्याला दात नसतात."

ती खळखळून हसली. हात उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग हात तसाच धरून तिनं विचारलं, "परभणीचं काय मग?"

"जाऊ की."

"कवा?"

"बघू."

तिनं हात खाली घेतला. पण अंगठी तिला आवडली होती, यात शंका नाही. दिवसभर ती काम करता करता बोटाकडे बघत होती.

दोन दिवसांनी आई आली, राणीसावरगावहून, पिशवीत तीळ आणि शेंगा घेऊन. पाणी द्यायला सून पुढे आली तसा आईनं तिचा हातच धरला.

"पुष्कराज! अगं बाई, गुरूचा खडा!"

इथं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे बाईच्या बोटात पिवळा खडा म्हणजे एकच गोष्ट. पत्रिकेत गुरू रुसलाय, त्याला मनवायचा आहे. गुरू संततीचा ग्रह, तेव्हा मूल होत नसलेल्या बाईला जोशी पिवळा खडा सांगतो. पिवळा हिरा आमच्या भागात कोणी पाहिलेला नव्हता. मी सगळी चौकशी केली, रंग विचारला, माप दिलं, पण माझ्याच गावात पिवळ्या खड्याचा अर्थ काय होतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"कोण्या जोशाला दाखवलंस, बाळा?" आईचे डोळे भरून आले होते. "म्या म्हणायलेच व्हते, माझं लेकरू हातावर हात ठेवून बसायचं न्हाई. सुनंसाठी खडा आणला!"

मी म्हणालो, "हो, आई."

एवढंच म्हणालो. आई सुखावली होती, तिचं मन मोडवेना, असं कारण मी पुढे स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. हा हिरा आहे म्हटलं असतं तर आईनं विचारलं असतं, मग लेकराचं काय करायलास? आणि परभणीची गोष्ट निघाली असती. बायको पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. हौसेनं दिलेली वस्तू एका शब्दात औषध झाली होती, आणि आजारी कोण हेही ठरून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत ते वसाहतभर झालं. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "बरं केलंत. आमच्या नणंदेला गुण आला होता याचा." बायको फक्त "हं" म्हणाली. 

गुरुवार उजाडला. आईनं वाटीत कच्चं दूध घेतलं, त्यात अंगठी बुडवली, सुनेला न्हाऊन पाटावर बसवलं. गुरूचा खडा अनामिकेत चालत नाही, तर्जनीत घालावा लागतो. आईनं तिचं बोट धरलं आणि अंगठी सरकवली. ती मधल्या पेरावर अडली. माप अनामिकेचं होतं, मीच दिलेलं.

"बोट सैल सोड, पोरी."

"सैलच हाय, आत्याबाई."

आईनं जोर लावला. तेल लावलं. अंगठी पेरापलीकडे गेली, पण बोट लाल झालं आणि ती ना खाली येईना, ना वर जाईना. आई म्हणाली, "आता गेली, ऱ्हाऊ दे. सवय व्हईल." बायकोनं बोट समोर धरलं. ते सुजायला लागलं होतं.

"आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली, "हा खडा माझ्याच बोटात कामून?"

"मग कोणाच्या?"

"लेकरू तर दोघांचं असतं."

"गडीमाणूस कवा खडा घालतो का लेकरासाठी!" आई हसली. "येडी का खुळी तू?"

"खडा घालू नये. दवाखान्यात तरी यावं." ती आता माझ्याकडे वळली. "सांगा. हा कशासाठी आणलाव तुमी? आत्याबाईंसमोर सांगा."

मी दारात उभा होतो. कामावर जायची वेळ झाली होती, सायकल बाहेर होती. अजूनही निसटता आलं असतं. पण ते लाल बोट समोर होतं आणि ती ते मागे घेत नव्हती.

"आई, तो पुष्कराज नाही," मी म्हणालो. "हिरा आहे. मी कोणत्याही जोशाकडे गेलो नाही. हिला हौसेनं घेतला. परवा तुला हो म्हणालो ते खोटं होतं."

"हिरा? पिवळा?"

"पिवळा. आणि अजून एक. ही वर्षभर म्हणतेय, परभणीच्या डॉक्टरकडे दोघं जाऊ. मी जात नाही. गाड्या बंद आहेत म्हणून सांगतो. गाड्या चालू असतात."

 आईनं दुधाची वाटी बाजूला सरकवली. मला वाटलं, आता सुनेवर घसरेल. पण ती माझ्यावर घसरली.

"कामून जात न्हाईस?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"दोष माझ्यात निघाला तर, याची."

"धरणाच्या पोटात उतरतोस, ती एवढाली चाकं फिरायलीत तिथं हात घालतोस, अन् डॉक्टरला भ्यायलास?" ती उठली. "साबण आण आधी. पोरीचं बोट सुजायलंय. उभा काय ऱ्हायलास!"

साबण लावून, दोरा गुंडाळून, अंगठी कशीबशी निघाली. निघताना कातडी सोलली.  बायकोनं ती धुतली, पुसली आणि डबीत ठेवून दिली. मला वाटलं, संपलं, ही आता कधी घालायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही पहिल्या गाडीनं परभणीला गेलो. जिंतूरला गाडी बदलली. तिनं खिडकीची जागा घेतली आणि वाटेत बोरी आल्यावर मान वळवून गाव बघितलं. दवाखान्यात कंपाउंडरनं वहीत नाव लिहायला पेन उचललं आणि तिच्याकडे बघितलं. "माझं लिहा," मी म्हणालो. त्यानं पेन तसंच धरलं. "हिचंही लिहा," मी म्हणालो, "पण पहिलं माझं." तपासण्या झाल्या. लाज वाटली, पण वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. वर्षभर ज्याला भ्यालो ते काम एका दुपारचं होतं.

पुढच्या आठवड्यात निकाल आणायला मी एकटाच गेलो. दोष माझ्यात होता. फार मोठा नव्हता, औषधं होती, धीर धरायचा होता, असं डॉक्टर म्हणाले. येताना गाडीत मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली: हे घरात जाऊन पुटपुटायचं नाही. वसाहतीनं पाच वर्षं तिला विचारलं होतं. उत्तर त्याच वसाहतीला मिळायला हवं होतं.

आई ओट्यावर तीळ निवडत बसली होती. शेजारच्या वहिनी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होत्या. मी फाटकातच थांबलो.

"काय म्हणले डॉक्टर?" आईनं विचारलं.

"दोष माझ्यात आहे, आई," मी मोठ्यानं म्हणालो. "हिच्यात काही नाही. ही ठणठणीत आहे. औषध मला घ्यायचंय."

वहिनींच्या हातातलं धोतर तारेवर अर्धंच राहिलं.

"अहो, हळू बोला की," बायको आतून म्हणाली. "समदी कॉलनी ऐकायलीय."

"ऐकू दे. ऐकण्यासाठीच बोलतोय."

आईनं सुपातले तीळ एका बाजूला केले, एक खडा वेचून बाहेर टाकला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग तो पिवळा खडा तूच घाल की आता. हिऱ्याचा बी गुण येत असंल."

तेव्हा बायको दारात आली. हात पिठाचे, कपाळावर घामानं चिकटलेले केस, बोटावरची जखम वाळत आलेली.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "तो माझा हाय."