वाळलेल्या सुबाभळींची यादी

मुलुंडला आमच्या वसाहतीमागे डोंगराचा उतार आहे. ऐंशीच्या दशकात तिथे आमच्या मंडळाने सुबाभूळ लावली. भराभर वाढते म्हणून तेव्हा सगळीकडे तीच लावत. चारेक वर्षांत झाडं डोक्यावर गेली आणि मग एका थंडीत कीड आली. ती बाहेरच्या देशातून आली, एवढंच आम्हाला कळलं. कोवळ्या शेंड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट किडे बसायचे, पानं चिकट होऊन गळायची.

आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी झाडं तपासायचो. वही माझ्याकडे; मंडळाची हजेरीही पहिल्यापासून मीच मांडायचे. प्रत्येक खोडाला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून क्रमांक बांधला होता. फांदीखाली कोरा कागद धरायचा, फांदी झटकायची, पडलेले किडे मोजून मला ओरडून सांगायचं. वहीत दोन रकाने होते: किडे किती, आणि पानं आहेत की नाहीत. सलग तीन रविवार पान दिसलं नाही, तर झाड मेलं असं धरून मी खोडावर गेरूचा पट्टा ओढायचे. पट्ट्याची झाडं तोडायची, म्हणजे कीड वरच्या जंगलात जाणार नाही, असं मंडळात ठरलं होतं. नियम मीच लिहून काढला होता.

आमच्यात एक काका होते, मूळचे सावंतवाडीकडचे. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. खालच्या ओळीतली चौदा झाडं त्यांनी लावलेली. पहिले दोन उन्हाळे आपल्या चाळीच्या नळावरून दोन डबे भरून ते रोज सातला चढ चढायचे, पाळीला निघाल्यासारखे. घरी बसून राहिलो तर वेड लागेल, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. कुणी चेष्टेने विचारलं, काका, इथे हजेरी कोण लावतं? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बाईंकडे मस्टर आसा."

मार्चमध्ये त्यांच्या चौदाही झाडांचा तिसरा रविवार भरला. मी गेरूचा डबा उघडला. काकांनी अंगठ्याच्या नखाने एका खोडाची साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलसर.

"जिती आसत ती, बाई. एक पावस बघूया."

मी ते हिरवं पाहिलं. वहीत त्याला रकाना नव्हता.

"काका, नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले. "तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील."

माझ्या एका हातात वही, दुसऱ्यात ब्रश. मग चौदाही झाडांपाशी गेरूचा डबा काकांनीच धरला.

त्या आठवड्यात झाडं तोडली. काका पुढच्या रविवारी आले नाहीत. चार रविवार त्यांच्या नावापुढे मी गैरहजर लिहिलं, नंतर नाव कमी केलं.

जुलैअखेर मी उतारावर गेले. वरच्या अंगाला काही झाडं तोडायची राहून गेली होती. गेरूचा पट्टा अजून स्पष्ट दिसत होता आणि वर गच्च पालवी. खालच्या ओळीतल्या बुंध्यांनाही धुमारे फुटले होते, हात-हातभर. मी चौदा मोजले आणि तिथूनच काकांच्या चाळीत गेले.

ते दारातल्या बाकड्यावर बसले होते, दाढी वाढलेली. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, असं मी त्यांना सरळ सांगितलं. चौदाही फुटलीत, येत्या रविवारी या, म्हटलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाणी व्हया काय तेंका?"

जुनी मुळं शाबूत होती, त्यांना पाण्याची गरज नव्हती. विचारलं की खरं ते सांगायचं, ही माझी सवय.

"नाही, काका. आता आपोआप वाढतील."

"मगे मी येवन काय करू?" ते म्हणाले, आणि मला बसायला बाकड्यावर जागा करून दिली.