जिल्ह्यातले सर्वात तेज कान

धाडच्या गोकुळ साऊंडवाल्या गोकुळला तुम्ही काहीही विचारा, तो 'हाव', म्हणजे 'हो', म्हणेल. तोंडभर हसून, मान डोलावून म्हणेल. तुम्ही नेमकं काय विचारलंत याच्याशी त्या 'हाव'चा संबंध असेलच असं मात्र नाही. या एका शब्दापायी त्यानं सप्ताहाच्या पंगतीच्या तेलाचा खर्च अंगावर घेतला होता, कुणा लांबच्या भाच्यासाठी स्थळ बघायला पार लोणारकडच्या बीबी गावापर्यंत जाऊन आला होता, आणि बायकोला फ्रिज घेऊन दिला होता. फ्रिजचं तर काजलनं मुद्दाम केलं. नवरा भिंतीकडे तोंड करून वायरी जोडत बसलेला, तिनं सासूला साक्षीला बसवलं आणि पाठीमागून हळूच विचारलं, "फ्रिज घेऊन टाकायचा काय हो?" कुणीतरी काहीतरी बोललं एवढंच गोकुळला कळलं, आणि 'हाव' निघून गेला. सासूबाई, म्हणजे गोकुळची आई विमलबाई, पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

माणूस गुणाचा. घर शेतकऱ्याचं, पण गोकुळचं लक्ष वखरापेक्षा विहिरीवरच्या मोटरीत जास्त. गावातल्या जळालेल्या मोटरींची वायंडिंग भरून देता देता त्यानं जुन्या सामानातून एक अँप्लिफायर जोडला. तो आधी भजनी मंडळाला दिला, मग बारशाला, मग लग्नाला. बघता बघता पिकअप गाडी आली, गाडीवर स्पीकरची भिंत उभी राहिली, आणि धाडचा गोकुळ साऊंड बुलडाण्यापासून जालन्याच्या वेशीपर्यंत वाजायला लागला. नवरदेवाचा काका कितीही तोंड पाडून आलेला असो, गोकुळ त्याच्याकडे एक नजर टाकायचा, एक गाणं लावायचा, आणि काका टोपी उडवून नाचायला लागायचा. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती.

त्या भिंतीसमोर उभं राहून राहून गोकुळचे कान गेले. अगदी ठार बहिरा झाला नव्हता. पण हळू आवाजातलं, पाठीमागचं, बारीक काही त्याला येईना, आणि रिकाम्या वेळी कानात कुठंतरी कुकरची शिटी अडकल्यागत वाजत राही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. स्वयंपाक्याच्या जिभेला चव नाही म्हटल्यावर त्याला पंगतीचं काम कोण देईल? बहिऱ्या डीजेवाल्याला सुपारी कोण देणार? म्हणून तो 'हाव' म्हणत राहिला. काजलला सगळं ठाऊक होतं. तिसरीतल्या अर्पितालाही कदाचित होतं, कारण ती पोरगी बापाशी बोलताना आधी त्याच्या समोर येई, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवी, आणि मग बोले.

असं सगळं सुरळीत चाललं असताना देऊळगाव राजाची रेवती एक पेटी घेऊन दारात उभी राहिली.

रेवतीचं प्रकरण जरा वेगळं होतं. पोरगी आधी इंजिनियर झाली. मग तिला वाटलं कायदा शिकावा, तो शिकली. मग पर्यावरणशास्त्र. आणि आता ती मेंदूच्या मागे लागली होती. नातेवाइकांनी 'हिचं शिक्षण संपणार कधी' हे विचारणं सोडून दिलं होतं. पण या चारही गोष्टी तिनं पीएचडीच्या एका विषयात आणून बसवल्या होत्या: लग्नाच्या वरातीतला डीजे. आवाज किती असावा हे सांगतो कायदा, तो निर्माण करतं यंत्र, तो पसरतो गावाच्या हवेत, आणि शेवटी जाऊन आदळतो माणसाच्या मेंदूवर. म्हणून तिला मार्गदर्शकही चार होते. चौघांनाही मनातून वाटायचं की विषय खरा आपलाच आहे, बाकीचे तिघे उगाच खुर्च्या अडवून बसलेत.

हे सगळं गोकुळनं तिच्या ओठांकडे बघत ऐकलं आणि विचारलं, "मंजे वकील बी तुमीच, मिस्त्री बी तुमीच अन डॉक्टर बी तुमीच?"

"तसंच काहीसं, गोकुळभाऊ," रेवती हसली. "डीजेवाल्यांचे कान तपासायचेत. पंधरा-वीस जणांचे झाले. तुमचे राहिले."

गोकुळ पेचात पडला. नाही म्हणावं तर लोक विचारतील काऊन नाही म्हणला. हो म्हणावं तर उघडं पडायचं. तो काही ठरवायच्या आत काजलनं आतून चहा आणला आणि म्हणाली, "तपासा ना ताई. काय हरकत हाय? कान तं चांगलेच हायेत यायचे." हे बोलताना तिचा चेहरा इतका साळसूद होता की गोकुळला तिला फ्रिजमध्ये बंद करून ठेवावंसं वाटलं.

पेटी रेवतीनं स्वतः बनवलेली होती. कानाला हेडफोन, हातात बटण. पेटीतून 'पीं' असा आवाज येणार, ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज हळूहळू बारीक होत जाणार. बस्, एवढंच.

पहिले काही पीं गोकुळला स्वच्छ ऐकू आले. मग ते लहान झाले, मग धूसर झाले, मग हेडफोनमध्ये शिटीशिवाय काही उरलं नाही. पण बोट थांबलं नाही. आता तुम्हीच बघा, उभा जन्म ज्याचा ठेक्यात गेला, त्याच्या कानावर सारख्या अंतरानं पीं, पीं, पीं पडलं, तर पुढचा पीं कधी येणार हे त्याला वेगळं सांगायला लागतं का? बोट आपोआप पडत गेलं. काही पीं तर त्याला ऐकू आल्यासारखेच वाटले. पण सगळे नाही. कुठंतरी मधेच त्याला कळलं होतं की आता आपण ऐकत नाही, नुसते वाजवतोय, आणि कळूनही त्यानं बटण सोडलं नाही.

रेवतीनं आलेख बघितला. परत बघितला. "गोकुळभाऊ," ती खुर्चीतून उठलीच, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत!"

झालं. गोकुळला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठवड्याभरात धाडच्या बाजारात फ्लेक्स लागला: गोकुळ साऊंड, जिल्ह्यातले सर्वात तेज कान, संशोधनाने सिद्ध. खाली गोकुळचा गॉगल लावलेला फोटो, आणि कानाभोवती पिवळं तेजोवलय. बाजाराला आलेली माणसं थांबून थांबून वाचायची. सुपाऱ्या वाढल्या. देऊळगाव राजाचा जीवन, तोही डीजेवालाच, फोन करून खवळला, "तुहेच कान तेज काय बे? माहा बी आलेख एकदम झकास आला हाय!" त्याच्या फोनवर गोकुळ पोटभर हसला. दोघांचेही आलेख झकास कसे, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

अडचण झाली ती अर्पितामुळे. तिच्या मामाचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि वरातीत तिला पिकअपवर, थेट स्पीकरवर बसून मिरवायचं होतं. गोकुळनं आजवर तिला तिथं कधी चढू दिलं नव्हतं. वरातीत तो तिच्या कानात कापसाचे बोळे घालून तिला आजीसोबत पार मागं पाठवायचा. का, ते कधी सांगायचा नाही.

त्या दिवशी ती समोर आली, हनुवटी धरली आणि म्हणाली, "पप्पा, तुमी इतके वर्सं गाडीपाशी उभे राह्यता ना?"

"हाव."

"अन तुमचे कान जिल्ह्यात सगळ्यात चांगले हायेत ना? बाजारात लिहेल हाय."

"हाव."

"मंग मले काऊन बसू देत नाही?"

पोरीचा एकही शब्द चुकत नव्हता. गोकुळ कानकोंडा झाला. दारात काजल उभी होती, आणि एरवी प्रत्येक गोष्टीवर हसणारी ती बाई या वेळी हसत नव्हती.

"सांगा की तिले," ती म्हणाली. "हो म्हणा, नाही तं खरं काय ते सांगा."

गोकुळला रात्रभर झोप नाही. फ्लेक्स उतरवला की धंदा गेला. नाही उतरवला तर पोरगी स्पीकरवर. आणि एकटी अर्पिताच थोडी? वरातीत गावची सगळी पोरं गाडीच्या अंगाला चिकटून नाचायची, आणि आता त्यांचे बाप गोकुळचाच फ्लेक्स दाखवून म्हणणार, काही होत नाही, नाचू द्या.

त्याच आठवड्यात बुलडाण्याला एका कॉलेजच्या सभागृहात रेवतीचं भाषण होतं. चारही मार्गदर्शक येणार होते. ज्यांचे कान तपासले त्या सगळ्या डीजेवाल्यांना तिनं मानानं बोलावलं होतं. गोकुळ काजलला आणि अर्पिताला घेऊन गेला. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या पोरासारखा. मागच्या रांगांत सगळी डीजेमंडळी अत्तर लावून बसली होती. जीवननं गॉगल घातला होता.

रेवती आनंदानं नुसती फुलून आली होती. पडद्यावर तिनं आलेख दाखवला. तिच्या हिशेबानं डीजेवाल्यांचे कान साध्या माणसांपेक्षा तेज निघाले होते. हे कसं घडतं ते शोधण्यात पुढची काही वर्षं घालवणार, असं तिनं जाहीर केलं. कायद्याच्या सरांनी मान डोलावली. मेंदूच्या मॅडम तेवढ्या कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होत्या.

"धाडचे गोकुळभाऊ इथं आहेत," रेवती म्हणाली. "त्यांचा आलेख सर्वात सुंदर आहे. भाऊ, दोन शब्द बोला."

माईक हातात आला तेव्हा गोकुळनं सवयीनं तो आधी ठोकून बघितला. आयुष्यभर माईक दुसऱ्यांना दिला, स्वतः कधी बोलला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "माहा आलेख खोटा हाय. मले ऐकू येत नाही."

मेंदूच्या मॅडम वळून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"बारीक आवाज येतच नाही. मांगून कोणी बोललं तं नाही येत. तुमच्या पेटीतला पीं ठेक्यात येत व्हता, म्हून मी ठेक्यात बटन दाबत गेलो. तुमी एवढं शिकल्या, आमच्यासाठी गावोगाव फिरल्या, अन मी तुमाले फसवलं. माही पोरगी म्हणते मले स्पीकरवर बसवा. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" त्यानं अर्पिताकडे बघितलं. "धंदा गेला तं जाऊ द्या. पोट्ट्यायले गाडीपासून लांब ठेवा."

रेवती पडद्याकडे बघत उभी राहिली. तिची कितीतरी महिन्यांची मेहनत त्या आलेखात होती. गोकुळला वाटलं, आता ही रडणार. तेवढ्यात मागं खुर्ची करकरली. जीवन उठला होता. त्यानं गॉगल काढला.

"मी बी ताई," तो म्हणाला. "म्या बी ठेकाच धरला व्हता."

मग लोणारचा एक जण उठला, मग चिखलीचा, मग शेजारशेजारचे दोघं एकमेकांना ढोसत उठले. उठणारा प्रत्येक जण 'मी बी' म्हणे आणि सभागृहात हसू वाढत जाई. शेवटी बसलेला एकही डीजेवाला राहिला नाही. "आता लोकायनं सुपारी द्यायची कोणाले?" जीवननं हात पसरून विचारलं. "सगळे सारखेच निंघाले!" यावर काजल इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोकुळच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपला धंदा कुठं जात नाही हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि तोही हसायला लागला.

रेवतीनं कपाळावर हात मारून घेतला. "अंतर सारखं ठेवलं मी! सगळ्या पीं-पींमधलं अंतर सारखं!" ती म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना. तिच्यातल्या इंजिनियरनं केलेली ही चूक मेंदूच्या मॅडमना मात्र लॉटरीसारखी लागली. त्या उठून भराभर पुढं आल्या. आवाज बंद झाल्यावरही ठेका चालू ठेवणारे एवढे मेंदू एका खोलीत त्यांनी कधी पाहिले नव्हते. पेटी दुरुस्त करून सगळ्यांना परत तपासायचं ठरलं, आणि या ठेक्यावर एक अख्खं प्रकरण लिहायचं ठरलं. ते नेमकं कुणाच्या विषयात बसतं यावर चारही मार्गदर्शकांचा तिथंच वाद सुरू झाला.

"एक मिनिट," रेवती म्हणाली. "पेटी नसली तरी एक तपासणी आत्ता होईल."

तिनं माईक खाली ठेवला. फाईल तोंडासमोर धरली, आणि सभागृहाच्या मधोमध येऊन उभी राहिली. ती काहीतरी बोलली असावी. गोकुळला नुसती फाईल दिसली.

पुढच्या रांगांतल्या पोरापोरींचे हात वर गेले. बायकांच्या रांगेतून काजलचा गेला. तीन मार्गदर्शकांचे गेले. कायद्याचे सर इकडंतिकडं बघत राहिले आणि मग घाईनं त्यांनीही हात वर केला. मागं डीजेवाले एकमेकांची तोंडं बघत होते. त्यांच्या सगळ्या रांगांत एकच हात वर होता, आणि तो गोकुळशेजारी बसलेल्या अर्पिताचा होता.

"काय म्हणली वं ताई?" गोकुळनं तिला विचारलं.

"म्हणल्या, हे ज्याले ऐकू आलं त्यानं हात वर करा."

"अन तुले आलं?"

"आलं ना. एकदम बराबर आलं."

अर्पिता हात खाली घेत होती. गोकुळनं तो धरला, पुन्हा वर केला, आणि मागच्या पुढच्या सगळ्यांना नीट दिसेल असा कितीतरी वेळ धरून ठेवला.