इंजिन उघडं असताना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अव्वांचे सांगतो. निपाणीच्या ज्या जैन घरात मी कॉलेजची तीन वर्षं राहिलो, त्या घरच्या या मालकीणबाई. आमचं रक्ताचं नातं नाही. माझे आई-वडील दुसऱ्याच्या रानात तंबाखूच्या कामाला जायचे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात नाव घातलं, पण राहायचं कुठं हे कुणी ठरवलं नव्हतं. अव्वांनी माडीवरची खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या, आधी पास हो.

त्या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी जेवत नसे. त्याशिवाय अव्वांचा स्वतःचा एक नियम होता. घरात राहणारा किंवा घरचं काम करणारा माणूस जेवल्याशिवाय त्या जेवत नसत. दोन्ही नियम चांगलेच, पण माझा शेवटचा तास दिवस मावळताना सुटायचा. मी घरी पोचायचो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि अव्वा देवाची पोथी वाचत बसलेल्या असायच्या. त्या उपाशीच झोपतात हे मला त्यांच्या सुनेनं जिन्यात गाठून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी शेवटचा तास सोडला. तो कॉस्टिंगचा होता. कॉस्टिंग मला अजून येत नाही. पुढं बँकेत नोकरी लागली तेव्हाही ते कुणी विचारलं नाही.

बँकेनं मला खानापूरला टाकलं. तिथं मी एक जुनी गाडी घेतली आणि पहिल्यांदा अव्वांना बसवायला निपाणीला नेली. अव्वा बसल्या, देवळापर्यंत जाऊन आल्या, उतरल्या. गाडी हलली तेव्हा त्यांच्या सारवल्यासारख्या स्वच्छ फरशीवर तेलाचा डाग होता. पुढच्या वेळी दोन होते. मी साबणाचा चुरा टाकून घासायचो, अव्वा पायरीवर बसून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या गाडीला जेवल्यावर तोंड पुसायचं शिकवलं न्हाय कुणी."

खानापूरच्या गॅरेजवाल्यानं खाली वाकून निदान केलं होतं. इंजिनात फिरणारा जाड दांडा असतो, तो क्रँक. तो जिथं इंजिनाच्या बाहेर डोकावतो तिथं तेल अडवायला रबराची कडी बसवलेली असते, तिला सील म्हणतात. ते सील झिजलं होतं. चालतंय तवर चालवा, असं तो म्हणाला, आणि मी चालवली. गाडीत एक पुठ्ठा ठेवला. कुणाच्या दारात उभी केली की आधी पुठ्ठा सरकवायचा.

यंदाच्या भाद्रपदात अव्वांचा डोळा दाखवायला मी त्यांना बेळगावला नेलं. दशलक्षण पर्व चालू होतं. त्या दहा दिवसांत त्या एकदाच जेवतात, तेही घरचंच, आणि पाणीसुद्धा गाळून उकळलेलं घरून आणतात. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि सांगितलं की साखर आहे, या वयात उपाशी राहायचं नाही, चक्कर येऊन पडाल. अव्वांनी मान हलवली. त्यांची ती मान मला ओळखीची आहे. तिचा अर्थ हो असा नसतो.

जेवण परतीच्या वाटेत कुठंतरी सावलीला करायचं ठरलं होतं. संकेश्वरच्या अलीकडं गाडीच्या काट्यांमध्ये तांबडा दिवा लागला. रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज होतं. तिथले मेस्त्री एकटेच होते. त्यांनी खाली पाहिलं आणि सांगितलं की तेल सगळं बाहेर आहे, निपाणीच्या आधीचा तवंदीचा घाट चढायला गेलात तर इंजिन जाम होईल. मी सील बदला म्हटलं. त्यांनी जॅक लावला, पुढचं चाक काढलं, पट्टे काढले आणि बघता बघता इंजिनाची एक बाजू उघडी केली.

मग अव्वांनी डबा सोडला. तीन माणसांचं जेवण होतं. आधी मला जेवू घातलं. नंतर मेस्त्रींना बोलावलं.

मेस्त्रींनी हात जोडले. त्यांच्या उस्तादांची शिकवण होती : इंजिन उघडं टाकून जेवायला बसायचं नाही. माणूस जेवला की सुस्तावतो, सुस्तावला की एखादा बोल्ट राहतो. आजवर त्यांनी ते मोडलं नव्हतं. झाकलं की खातो, म्हणाले.

अव्वांनी डबा लावून टाकला.

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. मेस्त्रींना म्हटलं, तुम्ही जेवल्याशिवाय त्या जेवणार नाहीत, आणि दिवस बुडाल्यावर जेवणारच नाहीत. त्यांना वाईट वाटलं, पण ते उठले नाहीत. अव्वांना डॉक्टरांची आठवण करून दिली. दुसरी गाडी बोलावून घरी पोचवतो असंही म्हटलं.

"आणि हे उपाशी ऱ्हाणार? माझ्या कामावर?"

"त्यांचा डबा आहे, अव्वा."

"तू यायच्या आधी मी जेवले का रं कधी? आता ह्या वयात नवीन शिकू व्हय?"

आता राहिलं नवं सील. ते गॅरेजात नव्हतं. मेस्त्रींची मोटरसायकल घेऊन मी संकेश्वरला गेलो. दुकानाचं शटर खाली होतं, मालक मागच्या घरात झोपले होते. मी त्यांना उठवलं आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी गाडी कुठली ते विचारलं नाही, आधी अव्वा कुणाच्या ते विचारलं. मग बनियनवरच शटर उचललं.

परत आलो तेव्हा अव्वा बाकावर सरळ बसल्या होत्या. डोळ्यात औषध घातल्यामुळं त्यांना ऊन सोसत नव्हतं, म्हणून पदर पुढं ओढला होता. मेस्त्रींनी जुनं सील उकरून माझ्या हातावर ठेवलं. रबर असेल असं वाटत नव्हतं, बांगडीसारखं कडक झालं होतं. दांड्यावर जिथं ते घासत होतं तिथं बारीक चर पडला होता. नवं सील त्याच जागी बसवलं तर पुन्हा गळणार, म्हणून त्यांनी ते केसभर अलीकडं बसवलं. त्याच्या आतल्या ओठासारख्या कडेला तेल लावलं आणि नळीचा तुकडा धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोकलं. घाई करा असं म्हणायला माझं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. पट्ट्यावरच्या खुणा जुळवल्या, झाकण लावलं, पुली बसवली, बोल्ट आवळले, नवं तेल ओतलं.

ऊन उसाच्या शेंड्यावर आलं होतं. काढलेलं चाक अजून बाजूला जमिनीवरच पडलं होतं.

अव्वांनी पदराआडून विचारलं, "मेस्त्री, इंजिन झाकलं का?"

"झाकलं, अव्वा. चाक बसवलं की झालं."

"चाक इंजिनात येतंय?"

मेस्त्रींनी चाकाकडं पाहिलं. हा प्रश्न त्यांना कुणी आजवर विचारला नसावा. "न्हाय," ते म्हणाले, "पण उस्ताद असते तर..."

"उस्तादांनी चाकाचं सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग हात धुवा."

त्यांनी रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुतले. स्वतःचा डबा आणला, उघडला आणि लगेच बंद केला, कारण त्यात अव्वांना न चालणारा कांदा होता. अव्वांनी त्यांना आपली भाकरी वाढली, मुगाची उसळ वाढली. ते उन्हाकडं बघत भराभर खाऊ लागले तेव्हा अव्वांनी त्यांना नीट चावून खायला सांगितलं. दुसरी भाकरी घेतल्याशिवाय सोडलं नाही. मी दोनदा उठून रस्त्यावरून दिवस किती उरलाय ते बघून आलो. मग अव्वा एका जागी बसून जेवल्या, पाणी प्यायल्या आणि डबा पुसून बंद केला. त्यानंतर दिवस मावळला.

मेस्त्रींनी चाक बसवलं. मग परत एकदा सगळे बोल्ट हातानं चाचपले. ते जेवलेले होते ना.

दशलक्षण संपलं की अव्वांच्या घरी क्षमावणी असते. वर्षभरात ज्याला ज्याला आपल्यामुळं त्रास झाला असेल त्याची क्षमा मागायची. मी जैन नाही, पण त्या घरातून निघाल्यापासून दर वर्षी त्यांना पत्र लिहितो. या वर्षीचं असं :

अव्वांना साष्टांग नमस्कार.

उत्तम क्षमा. माझ्या गाडीमुळं तुमचं जेवण दिवस बुडायला आलं तोवर लांबलं, त्याची क्षमा करा. तुमच्या फरशीवरच्या डागांचीही करा. डॉक्टरांना मी काही सांगितलेलं नाही, त्याची त्यांच्याकडं वेगळी मागेन.

मेस्त्रींना तुमचा क्षमेचा निरोप दिला. त्यांनीही क्षमा मागितली आहे, कशाची ते त्यांना सांगता येईना. चाक आता इंजिनात धरत नाहीत म्हणाले.

गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून पाहिला. सकाळी कोरडा होता. तरी येताना पुठ्ठा आणतो.

रविवारी येतो. माझ्यासाठी थांबणारच, म्हणून थांबू नका असं लिहीत नाही. उजेडात पोचतो.