आबांची परीक्षा आणि माझी

मला चौथ्या वर्षी मधुमेह झाला. ते काही मला आठवत नाही, आईकडून ऐकलंय. आठवतो तो त्यानंतरचा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, तगादा. सकाळी आई बोटाला सुई टोचून साखर तपासायची आणि ते झालं की आबा माझं डोकं तपासायचे.

"सांग बरं, काल आपले घर कोन येल व्हतं?"

"मामा."

"हुशार शे!" म्हणत ते केळीच्या मळ्याकडे निघायचे.

याचं मूळ जळगावच्या डॉक्टरांच्या बोलण्यात होतं. मेंदूला साखर लागतेच, पण वाढत्या वयात ती फार उतरली किंवा सतत चढलेली राहिली, तर काही मुलांना पुढे लक्ष टिकवायला, झटपट उत्तर द्यायला जड जातं, असं ते म्हणाले होते. काहींनाच, सगळ्यांना नाही. चोपड्याजवळच्या आमच्या गावात पोचेपर्यंत त्याचं 'पोरीचं डोकं जाणार' असं झालं होतं.

पाचवीत मला तोंडी गणितं जमेनात. उत्तर माहीत असायचं, पण ते ओठांवर येईपर्यंत दुसरंच कोणीतरी ओरडून मोकळं व्हायचं. बाईंनी आईला बोलावून सांगितलं.  मग आई, आबा आणि मी एसटीनं जळगावला गेलो.

डॉक्टरांनी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी गोष्ट सांगून प्रश्न विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. आधी साखर तपासायला मात्र त्या विसरल्या नाहीत. शेवटी लाल-पांढरे ठोकळे पुढे ठेवले. चित्रातल्यासारखी नक्षी जुळवायची होती. माझी जुळली, वेळ लागला पण जुळली. आबांना मागे गप्प बसवेना.

"हाई तं सोपं शे!"

"मग आबा, तुम्ही करता?" बाई हसून म्हणाल्या.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एक ठोकळा फिरवला, दुसरा फिरवला, पहिला पुन्हा फिरवला. कपाळावर घाम आला. मी न राहवून कोपऱ्यातला ठोकळा सरळ करून दिला.

"मना चष्मा घर राही गया," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

बाईंनी मग नीट समजावलं. मुलीची समज चांगली आहे, फक्त वेग थोडा कमी आहे. तिला उत्तराला जास्त वेळ द्या, साखर उतरलेली असताना परीक्षेला बसवू नका. "हे मधुमेहामुळेच आहे का?" आईनं विचारलं. "असेलही. काही मुलं मुळातच सावकाश असतात. पण उपाय दोन्हीला तोच."

शाळेनं ऐकलं. चाचणीला मला जास्त वेळ मिळू लागला आणि सहामाहीत गणितात मी चक्क पहिल्या पाचांत आले.

त्या दिवशी परतताना मात्र असलं काही ठाऊक नव्हतं. स्टँडजवळ आबांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर मागवली. आईनं तिथेच बाकावर मला इन्सुलिन दिलं. आबा भाकर मोडत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "मनी नात शे. माले हारावनं तिनी आज!"