राबावरची अश्वगंधा

"मुलाणी मॅडम, हा लॉट भेसळीचा आहे. या बाईंचा माल कायमचा बंद," इनामदार साहेब लॅबच्या दारातूनच म्हणाले. ते पर्चेस मॅनेजर, मी क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट. कापूरहोळजवळच्या आमच्या औषधी कारखान्यात माल त्यांनी आणायचा आणि मी नाकारायचा, असं आमचं सख्य.

लॉट मार्गासनीच्या शेवंताबाईंचा होता. अश्वगंधेची मुळं. दिसायला अशी की दृष्ट लागावी, जाडजूड आणि सरळसोट. टेस्टमध्ये मात्र साफ फेल. या मुळांत विथॅनोलाइड नावाची द्रव्यं असतात. औषधाचा गुण बराचसा त्यांच्यामुळे. ती हवी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. साहेबांचं म्हणणं, दुसरंच कसलं तरी मूळ मिसळलंय.

मला ते पटेना. गावातल्या बचत गटाच्या बायकांना या पिकाला शेवंताबाईंनीच राजी केलं होतं. त्यांच्यावर भेसळीचा शिक्का बसला असता तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि बाकीच्यांचा मालही अडकला असता. मी साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली. त्यांनी ती तोंड वाकडं करून दिली.

मार्गासनीला गेले. शेवंताबाईंनी आधी चहा दिला, मग शेत दाखवलं. पीक घेतलं होतं राबावर. वेल्ह्याकडे भाताच्या रोपांसाठी शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजतात, तो राब. रोपं उपटून खाचरात लावली की ती जागा मोकळी होते. घराजवळची, सगळ्यांत कसदार जागा. बाईंनी तिथं अश्वगंधा पेरली, वर शेणखत घातलं, विहिरीचं पाणी दिलं. लेकीचं बाळंतपण काढावं तसं सगळं केलं. त्या कौतुकानं सांगत होत्या आणि घोटाळा तिथंच असावा असं मला वाटू लागलं होतं.

बी उरलं होतं का, असं विचारलं. उरलेलं वरकसावर, म्हणजे डोंगराकडच्या मुरमाड उतारावर, टाकलं होतं. तिकडे न्यायला त्या तयार होईनात.

"तिकडं काय बघायचं, मॅडम? ती टाकलेली हाईत. म्या ढुंकून बगितलं न्हाई त्यांच्याकडं."

तरी गेलो. झाडं खुरटलेली, मुळं बारीक आणि वाकडी. बाई ओशाळून ती पदरानं पुसत होत्या. मी लॅबमध्ये आणून सुकवली, तपासली. पास, आणि चांगली पास. दोन्हीकडचे नमुने डीएनए तपासायला पुण्याला पाठवले. उत्तर आलं: दोन्ही अश्वगंधाच, एकाच जातीची, दुसरं काही मिसळलेलं नाही.

साहेबांना समजावून सांगितलं. बी तेच, जीन तेच. पण जीन असणं वेगळं आणि त्यानं कामाला लागणं वेगळं. जमीन हलकी असली, पाण्याची ओढ बसली की झाड स्वतःच्या बचावासाठी ही द्रव्यं जास्त बनवतं. सगळं आयतं मिळालं की मूळ नुसतं पोसतं.

"म्हणजे लाड झाले," साहेब म्हणाले.

"हो. लबाडी नाही झाली."

"तरीही लॉट घेता येणार नाही."

"नका घेऊ. पण भेसळ नव्हती, हे गावात येऊन तुम्हीच सांगा."

ते आले, हे त्यांचं मोठेपण. गटातल्या बायकांसमोर उभं राहून सरळ बोलले, आपला संशय चुकीचा होता म्हणाले. शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "चोर न्हाई म्हनलात, लई झालं. पर लेकरावानी जपलं, त्येचं काईच न्हाई व्हय?"

मी बायकांना सांगितलं, पुढच्या वर्षी वरकसावर पेरा आणि पाणी देऊ नका, पीक तहानेलं ठेवा.

पुढच्या वर्षी सगळ्या बायकांनी वरकसावर पेरलं. बाकीचे लॉट दणक्यात पास झाले, शेवंताबाईंचा तेवढा काठावर. फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग कबूल झाल्या. पौषात झाडांनी माना टाकल्या, तेव्हा डोईवर कळशा नेऊन पाणी घातलं होतं.

पिकाला तहानेलं ठेवा, असं सांगणं सोपं असतं. त्याची तहान बघवायला एखाददुसरं वर्ष लागतं. मी पास लिहून सही केली. काठावरचा पास हाही पासच.